पहिला सांधा, मग पंप: नॉनलिनियर फायबरमध्ये प्रकाशानेच प्रकाश वळवायचा प्रयोग, इंदूरच्या हवामानात

इंदूरमध्ये ऑप्टिक्स शिकणाऱ्या मुलांना प्रेरणेसाठी लांब जावं लागत नाही. राजेंद्र नगरच्या पलीकडे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात लेसर आणि कण-त्वरकांवर काम चालतं आणि इंडस-२ हा सिंक्रोट्रॉनही तिथलाच. खंडवा रोडला विद्यापीठ आहे, त्याच रस्त्याने पुढे सिमरोलला आयआयटी. तरीही एम.एस्सी. किंवा बी.ई.चा प्रोजेक्ट निवडताना मुलं ‘ऑल-ऑप्टिकल सिग्नल प्रोसेसिंग’ हे नाव वाचतात आणि तो विषय सिम्युलेशनवरच उरकतात. वास्तविक एक फायबरचं रीळ, दोन लेसर आणि एक ॲम्प्लिफायर हाताशी असेल, तर या विषयातला सगळ्यांत मूलभूत प्रयोग टेबलावर उभा राहतो. एका तरंगलांबीवरचा सिग्नल विजेत न बदलता दुसऱ्या तरंगलांबीवर उतरवायचा, एवढाच तो प्रयोग. पुस्तकांत त्याची समीकरणं भरपूर मिळतात, पण हात कुठे जपून चालवायचा हे क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून हा लेख.

काचेत नेमकं काय घडतं

तीव्र विद्युतक्षेत्रात काचेचे प्रकाशीय गुण बदलतात, हे जॉन कर यांनी १८७५ मध्ये दाखवलं. प्रकाश स्वतःच विद्युतक्षेत्र असल्यामुळे पुरेसा तीव्र प्रकाशही काचेचा अपवर्तनांक बदलतो. सिलिकाच्या बाबतीत हा बदल अगदी नगण्य असतो. दर चौरस मीटरला एक वॅट तीव्रतेमागे तो साधारण २.६ गुणिले १० चा उणे विसावा घात एवढा भरतो. पण तो होतो फेमटोसेकंदांत, आणि एवढ्या वेगाला कुठलाही ट्रान्झिस्टर पुरा पडत नाही.

हा नगण्य परिणाम वाढवायचे दोन मार्ग आहेत: प्रकाश चिमूटभर जागेत दाबायचा, आणि त्याला लांबवर चालवायचं. फायबरमध्ये दोन्ही साधतात. टेलिफोन कंपन्या टाकतात त्या साध्या सिंगल-मोड फायबरचं परिणामी क्षेत्रफळ (प्रकाश व्यापतो तेवढी जागा) सुमारे ८० चौरस मायक्रॉन असतं आणि नॉनलिनियर गुणांक, म्हणजे गॅमा, दर वॅट दर किलोमीटरला १.३ च्या आसपास. हायली नॉनलिनियर फायबरमध्ये गाभ्यात जर्मेनियम भरपूर घालतात आणि भोवती फ्लोरिनमुळे अपवर्तनांक उतरवलेला थर देतात. त्यामुळे क्षेत्रफळ १०-१२ चौरस मायक्रॉनवर येतं आणि गॅमा १० ते २० होतो.

अशा फायबरमध्ये जोरकस पंप (ऊर्जा पुरवणारा प्रकाश) आणि मंद सिग्नल एकत्र सोडले की फोर-वेव्ह मिक्सिंग होतं. पंपाचे दोन फोटॉन संपतात, एक सिग्नलमध्ये मिळतो आणि एक नव्या फ्रिक्वेन्सीवर जन्माला येतो. या नव्या लहरीला आयडलर म्हणतात. तिची फ्रिक्वेन्सी पंपाच्या दुपटीतून सिग्नलची वजा केल्यावर येते. पंप १९३.४ टेराहर्ट्झला (१५५०.१२ नॅनोमीटर) आणि सिग्नल १९३.२ ला (१५५१.७२ नॅनोमीटर) ठेवला, तर आयडलर १९३.६ टेराहर्ट्झला, म्हणजे १५४८.५१ नॅनोमीटरवर दिसेल. सिग्नलवरचा डेटा त्यावर जसाच्या तसा उतरतो, फक्त फेज (लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते) उलटी होते. ही उलटी फेज फार कामाची आहे. लांब लिंकच्या मध्यावर सिग्नलची अशी उलटी प्रत घेतली, तर उरलेल्या अर्ध्या वाटेत डिस्पर्शनने (वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने धावल्याने) झालेली विकृती बरीचशी फिटते.

आधी कागदावर हिशेब

उपकरणं लावण्याआधी हा हिशेब केलाच पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. फेज जुळलेली असेल आणि पंप फारसा खर्ची पडत नसेल, तर रूपांतराची कार्यक्षमता म्हणजे गॅमा, पंपाची ताकद आणि परिणामी लांबी (लॉस धरून प्रत्यक्ष कामी येणारी लांबी) या तिघांच्या गुणाकाराचा वर्ग, आणि त्यातून फायबरचा लॉस वजा. ५०० मीटर फायबर, गॅमा ११, लॉस दर किलोमीटरला ०.८ डीबी (डेसिबल; दर ३ डीबीला ताकद निम्मी होते) आणि पंप १०० मिलिवॅट धरू. परिणामी लांबी ०.४७८ किलोमीटर येते, गुणाकार ०.५२६ आणि त्याचा वर्ग ०.२७७, म्हणजे उणे ५.६ डीबी. फायबरचा ०.४ डीबी लॉस धरून हिशेब उणे ६ डीबीवर थांबतो. सिग्नलची चौथाई ताकद आयडलरला मिळाली, तर ती छान कार्यक्षमता आहे. हाच पंप ५०० मीटर साध्या फायबरमध्ये घातला, तर फेज जुळली असं मानूनही उणे २४ डीबीच हाती येतात. प्रत्यक्षात १५५० नॅनोमीटरला साध्या फायबरचं डिस्पर्शन मोठं असतं, म्हणून २०० गिगाहर्ट्झ अंतरावर फेज १७ रेडियनने घसरते आणि आणखी वीसेक डीबी जातात.

आता मेख बघा. आयडलरची ताकद पंपाच्या वर्गावर आणि सिग्नलवर अवलंबून आहे. फायबरच्या तोंडाशी, म्हणजे पहिल्या सांध्यात, एक डीबी गळाला तर पंपामुळे दोन आणि सिग्नलमुळे एक, असे आयडलरचे मिळून तीन डीबी जातात. फायबरच्या शेवटच्या सांध्यात गळालेला डीबी मात्र एकाच डीबीला पडतो. त्यामुळे आयडलर कमी दिसला की ॲम्प्लिफायरचा नॉब फिरवू नका. आधी तोंडाचा सांधा तपासा. निम्म्याहून अधिक वेळा पाणी तिथेच मुरत असतं.

जमवाजमव

पंप आणि सिग्नलसाठी दोन ट्युनेबल लेसर लागतील. पंपाला स्वतंत्र अर्बियम ॲम्प्लिफायर द्या. पंप आणि सिग्नल एकाच ॲम्प्लिफायरमधून काढायचा मोह होतो, तो टाळा. ॲम्प्लिफायरच्या आतच थोडं मिक्सिंग होतं आणि तो आयडलर तुमच्या रिळातला समजून तुम्ही आनंदित व्हाल. शिवाय एक फेज मॉड्युलेटर आणि त्याला लागणारे आरएफ सिग्नल जनरेटर, दोन पोलरायझेशन कंट्रोलर (प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवणारे), एक नॅनोमीटर रुंदीचा ट्युनेबल फिल्टर, कपलर, आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने सोडणारा), सर्क्युलेटर (परतणारा प्रकाश वेगळ्या तोंडातून काढणारा), दोन पॉवर मीटर आणि ऑप्टिकल स्पेक्ट्रम ॲनालायझर. ॲनालायझर प्रत्येक कॉलेजात नसतो. तो दोन दिवसांसाठी मागून आणायचा असेल, तर सांधे, ब्रिलुआँची (पंपाचा प्रकाश फायबरमधून मागे फिरण्याची, पुढे येईलच) मोजणी आणि पोलरायझेशनची तयारी त्याआधीच पुरी ठेवा.

फिल्टरची जागा पंपाच्या ॲम्प्लिफायरनंतर. ॲम्प्लिफायरचा पसरट गोंगाट आयडलरच्या जागीही पडतो, आणि तिथे उणे वीस डीबीएमचा (एक मिलिवॅट म्हणजे शून्य डीबीएम) पडदा असेल तर मंद आयडलर त्याखाली गाडला जातो. पंप आणि आयडलर १.६ नॅनोमीटर दूर आहेत, म्हणून एक नॅनोमीटरचा फिल्टर पंप पुढे सोडतो आणि आयडलरची जागा स्वच्छ ठेवतो.

डोळ्यांबद्दल एकदाच, पण ठामपणे: १५५० नॅनोमीटर दिसत नाही. १०० मिलिवॅट हा ३बी वर्गाचा लेसर आहे. कनेक्टरच्या तोंडाकडे सूक्ष्मदर्शकातून बघायचं असेल, तर आधी ॲम्प्लिफायर बंद करा, मग लेसर बंद करा आणि मीटरवर शून्याची खात्री करा. चालू करताना उलटा क्रम: आधी लेसर, मग ॲम्प्लिफायर. ॲम्प्लिफायरला बीज-प्रकाश मिळाला नाही, तर साठलेली ऊर्जा एखाद्या पल्समध्ये फुटून पुढचे भाग जाळू शकते.

सांधा: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

हायली नॉनलिनियर फायबरमध्ये प्रकाशाचा ठिपका साधारण ४ मायक्रॉनचा, साध्या फायबरमध्ये १०.४ चा. दोन्ही तोंडं बिनचूक समोरासमोर आणली तरी आकारांच्या फरकापोटी साडेतीन डीबी जातात. वरच्या हिशेबाने तोंडाच्या सांध्यात हे आयडलरचे साडेदहा डीबी झाले. बाजारातून पिगटेल (कनेक्टर असलेला साध्या फायबरचा तुकडा) लावूनच रीळ आणता आलं तर आणा, पैसे वसूल होतात. नुसतंच रीळ मिळालं असेल, तर स्प्लायसरवर (विजेच्या ठिणगीने, म्हणजे आर्कने, काच वितळवून फायबर जोडणाऱ्या यंत्रावर) बसायची तयारी हवी.

आपल्याकडच्या हवेचा विचार इथे करावाच लागतो. मे महिन्यात मालव्याची हवा इतकी कोरडी असते की उघडी काच धूळ ओढून घेते, आणि ती धूळ असते काळ्या मातीची, पिठासारखी बारीक. जुलैत उलट, हवा ओली. स्प्लायसरच्या आर्कची उष्णता हवेच्या दाबावर आणि आर्द्रतेवर बदलते, इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणून कारखान्यातली सेटिंग चालवून घेऊ नका. प्रत्येक मोसमात आणि इलेक्ट्रोड बदलल्यावर आर्क कॅलिब्रेशन करा. ज्या खोलीत डेझर्ट कूलर चालतो तिथे सांधा करूच नये. त्याच्या वाऱ्याबरोबर आलेले पाण्याचे कण काचेवर आणि कनेक्टरवर बसतात. छताचा पंखाही बंद हवा. लॅबमधल्या भैयांना ‘पंखा बंद करा’ म्हटलं की ते उन्हाळ्यात तुमच्याकडे वेड्यासारखं बघतील, पण उघडं फायबर पंख्याच्या वाऱ्यानेही हलतं. त्यामुळे सांध्याचं काम दिवस मावळल्यावर काढावं. मालव्याची संध्याकाळ मे महिन्यातही निवते, आणि पंखा नसला तरी बसवतं.

आता हाताचं काम. कोटिंग सोला, बिनलिंटच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काच एकाच दिशेने पुसा, मग क्लीव्ह करा, म्हणजे टोक सपाट तोडा. तोंडाचा कोन अर्ध्या अंशाच्या आत हवा. तो जास्त दाखवला तर पुन्हा क्लीव्ह करा, चालवून घेऊ नका. दर प्रयत्नाला काही सेंटिमीटर फायबर खर्च होतं, म्हणून रिळाच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मीटर मोकळं ठेवा. स्प्लायसरच्या पडद्यावर या फायबरचा गाभा नेहमीसारखा दिसत नाही. यंत्र गाभा शोधताना गोंधळलं, तर आवरणावरून अलाइन करायचा पर्याय निवडा. आणि दोन वेगळ्या फायबरच्या सांध्यावर यंत्र जो ‘०.०२ डीबी’ दाखवतं, तो सरळ दुर्लक्षित करा. तो अंदाज सारख्या फायबरसाठी बनवलेला असतो.

खरी मोजणी अशी: सिग्नल लेसर कमी ताकदीवर ठेवा. रिळाचं दुसरं टोक क्लीव्ह करून मोठ्या पृष्ठभागाच्या डिटेक्टरसमोर बेअर-फायबर ॲडॉप्टरमध्ये धरा. नेहमीचा सांधा करा आणि आकडा लिहा. मग यंत्रात फायबर तसंच ठेवून आर्कचे छोटे छोटे हप्ते द्या. प्रत्येक हप्त्यानंतर मीटर बघा. उष्णतेने छोट्या गाभ्यातलं जर्मेनियम हळूहळू बाहेर पसरतं, ठिपका मोठा होतो आणि मोठ्या फायबरशी जुळू लागतो. आकडा आधी झपझप चढतो, मग सावकाश, मग एका जागी थांबतो, आणि आणखी आर्क दिला तर उतरू लागतो. थांबला की हात काढून घ्या. या पद्धतीने ०.३ डीबीच्या आत येता येतं, हात बसल्यावर त्याहून कमी. म्हणजे साडेदहाच्या जागी आयडलरचा एकच डीबी गेला. नऊ-साडेनऊ डीबी सांध्यात वाचले. तेवढेच पंपातून काढायचे ठरवलं असतं, तर पंप जवळपास तिप्पट करावा लागला असता. झालेला सांधा आवरणाच्या नळीत घालून ताबडतोब बंद करा, उघडा ठेवू नका.

उरलेल्या कनेक्टरची शिस्त सोपी आहे. हिरवे कनेक्टर आठ अंशांनी तिरपे घासलेले असतात आणि निळे सरळ. दोघांना एकमेकांत बसवू नका. १०० मिलिवॅटला कनेक्टरवरची धूळ जळून काचेत बसते, म्हणून जोडण्याआधी प्रत्येक वेळी पुसा आणि बघा.

पंप कुठे ठेवायचा

फेज जुळायला पंप फायबरच्या शून्य-डिस्पर्शन तरंगलांबीजवळ हवा. तो आकडा रिळाच्या कागदावर असतो. पंप त्याच्या किंचित लांब तरंगलांबीच्या बाजूला ठेवला तर बरं, कारण तिथे डिस्पर्शनची घसरण पंपाच्या नॉनलिनियर फेजला तोलते. डिस्पर्शनचा उतार दर चौरस नॅनोमीटर दर किलोमीटरला ०.०२ पिकोसेकंद असेल आणि पंप एक नॅनोमीटर दूर असेल, तर २०० गिगाहर्ट्झ अंतरावर ५०० मीटरमध्ये फेज जेमतेम ०.०२ रेडियनने घसरते. काळजीचं कारण नाही.

मात्र ही घसरण पंप आणि सिग्नल यांच्यातल्या अंतराच्या वर्गाने वाढते. दहा नॅनोमीटर अंतरावर ती ०.८ रेडियनच्या आसपास जाते आणि वीस नॅनोमीटरवर तीनच्या पुढे. त्यात शून्य-डिस्पर्शन तरंगलांबी तापमानाबरोबर सरकते, दर अंशाला सुमारे ०.०३ नॅनोमीटर. एसी नसलेल्या खोलीत जानेवारीच्या सकाळी १५ अंश आणि मेमधल्या दुपारी ४० असेल, तर पाऊण नॅनोमीटरचा फरक पडला. जवळच्या चॅनलला तो कळणारही नाही. रुंद बँडवर रूपांतर मोजायचं असेल, तर रीळ थर्मोकोलच्या बंद डब्यात ठेवा आणि प्रत्येक वाचनाशेजारी तापमान लिहा. नाहीतर जानेवारीचा आणि मेचा आलेख जुळणार नाही.

ब्रिलुआँ: इथे घोडं पेंड खातं

हिशेबात १०० मिलिवॅट घेतले, पण तेवढे फायबर आत घेईल का? अरुंद रेषेच्या लेसरसाठी उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. ठरावीक उंबरठ्याच्या वर प्रकाश काचेतल्या ध्वनिलहरींवरून मागे फिरतो. यालाच स्टिम्युलेटेड ब्रिलुआँ स्कॅटरिंग म्हणतात. छोट्या गाभ्याच्या काहीशे मीटर फायबरमध्ये तो उंबरठा दहा-वीस मिलिवॅटांतच येऊ शकतो. त्यापुढे नॉब फिरवला की पुढे जाणारा पंप वाढत नाही, मागे येणारा वाढतो आणि आयडलर डळमळू लागतो.

म्हणून रिळाआधी सर्क्युलेटर लावा आणि त्याच्या तिसऱ्या तोंडाला पॉवर मीटर. पंप एक-एक डीबीने वाढवा आणि मागे येणारी पॉवर वहीत लिहा. सुरुवातीला ती एकास एक चढते, ते साधं रॅले विखुरणं. मग एका जागी आलेख एकदम उभा होतो. तोच उंबरठा. समजा तो १३ डीबीएमला आला, तर तुम्हाला हवा त्याहून तो ७ डीबी खाली आहे.

उपाय म्हणजे पंपाची रेषा पसरवणं. फेज मॉड्युलेटर ॲम्प्लिफायरच्या आधी लावा (नंतर लावला तर तो जळू शकतो) आणि त्याला १०० मेगाहर्ट्झचा टोन द्या. टोनची ताकद अशी ठेवा की फेजचं दोलन १.४४ रेडियन होईल. तेव्हा मधली रेषा आणि दोन्ही बाजूंच्या पहिल्या रेषा समान होतात, म्हणजे पंप तीन सारख्या तुकड्यांत वाटला जातो आणि उंबरठा ४.८ डीबीने चढतो. दुसरा टोन ३०० मेगाहर्ट्झचा जोडला की नऊ रेषा होतात, एकूण साडेनऊ डीबी मिळतात, आणि १३ चा उंबरठा साडेबावीस होतो. ब्रिलुआँची स्वतःची रुंदी काही दहा मेगाहर्ट्झ असते, म्हणून रेषा त्याहून दूर असाव्या लागतात. १०० मेगाहर्ट्झ त्यासाठी पुरतात. टोन चालू ठेवून मागची पॉवर पुन्हा मोजा. आलेख २० डीबीएमपर्यंत सरळ राहिला, तर पुढे चला.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा: पंपाची फेज हलली की आयडलरची फेज त्याच्या दुप्पट हलते. चालू-बंद प्रकारच्या डेटाला याचा फारसा त्रास नाही. फेजवर डेटा असेल, तर एक पंप पुरत नाही. दोन पंप घेऊन त्यांची फेज एकमेकांच्या उलट हलवावी लागते.

आयडलर बघणं आणि तो खरा आहे का, हे तपासणं

सिग्नल पंपाच्या दहा-वीस डीबी खाली ठेवा. जास्त झाला तर दुसऱ्या बाजूलाही आयडलर उगवतो आणि हिशेब बिघडतो. ॲनालायझरचं रिझोल्यूशन ०.१ नॅनोमीटर ठेवा, पण १०० मिलिवॅट थेट त्यात सोडू नका. एक टक्क्याचा टॅप किंवा ॲटेन्युएटर लावा. मग सिग्नलच्या पोलरायझेशन कंट्रोलरची पाती सावकाश फिरवा. पंप आणि सिग्नल एकाच दिशेत असताना आयडलर सर्वांत उंच दिसतो, आणि काटकोनात असताना जवळजवळ नाहीसा होतो. हा चढउतार पहिल्यांदा डोळ्यांनी बघण्यात जो आनंद आहे तो कुठल्याही सिम्युलेशनमध्ये नाही.

दिसलेली रेषा आयडलरच आहे याची खात्री करा. सिग्नल बंद केला तर ती गेली पाहिजे. सिग्नल उजवीकडे सरकवला तर ती तेवढीच डावीकडे सरकली पाहिजे. सिग्नल एक डीबीने वाढवला तर ती एक डीबीने वाढावी, आणि पंप एक डीबीने वाढवला तर दोन डीबीने. शेवटच्या कसोटीत दोनच्या जागी दीड आला, तर पंप एकतर ब्रिलुआँमध्ये मागे जातो आहे किंवा खर्ची पडतो आहे. सर्क्युलेटरवरचं मीटर लगेच सांगेल की त्यातलं कोणतं. सगळं जुळलं आणि कार्यक्षमता तरीही उणे ६ ऐवजी उणे दहा आली, तर ते चार डीबी मुख्यतः तोंडाच्या सांध्यात आणि त्याआधीच्या कनेक्टरांत शोधा.

डेटा घालायचा असेल, तर सिग्नलवर १० गिगाबिट प्रतिसेकंदाचा साधा चालू-बंद सिग्नल ठेवा. आयडलर फिल्टरने वेगळा करून रिसीव्हरमध्ये घ्या आणि मूळ सिग्नलशी त्याचा एरर-रेट ताडून बघा.

याच काचेचे दुसरे खेळ

हेच रीळ वापरून पल्स स्वच्छ करण्याची पद्धत १९९८ मध्ये मामिशेव यांनी मांडली. जोरकस पल्सचा वर्णपट स्वतःच्याच नॉनलिनियर परिणामाने पसरतो. मग थोडा बाजूला सरकवलेला फिल्टर त्यातला तुकडा उचलतो. ‘शून्य’ जागेवरचा गोंगाट मंद असल्याने पसरत नाही आणि फिल्टरपाशी अडतो. सिग्नलचे चुकीचे चढउतार त्यात सपाट होतात.

रिळाऐवजी चिप वापरायची असेल, तर काच बदलते. आर्सेनिक सल्फाइडचा नॉनलिनियर अपवर्तनांक सिलिकाच्या साधारण शंभरपट असतो, म्हणून शेकडो मीटरचं काम सेंटिमीटरांत होतं. पण त्याचा अपवर्तनांक २.४ असल्यामुळे प्रत्येक तोंडाशी सतरा टक्के प्रकाश परत फिरतो, आणि तोंडावरच्या प्रत्येक डीबीची किंमत इथेही तिप्पटच राहते. त्यात आर्सेनिक आहे, म्हणून तुकडे हातमोजे घालूनच हाताळा आणि कचऱ्यात टाकू नका. सिलिकॉनच्या वेव्हगाइडचा गॅमा प्रचंड असतो, पण १५५० नॅनोमीटरच्या दोन फोटॉनांची मिळून ऊर्जा १.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते, सिलिकॉनचं ऊर्जा-अंतर (बँडगॅप) मात्र १.१२ च आहे. त्यामुळे पंप वाढवला की प्रकाश शोषला जातो आणि मोकळे इलेक्ट्रॉन तयार होऊन आणखी शोषतात. सिलिकॉन नायट्राइड यातून सुटतं, त्याचा गॅमा कमी असला तरी लॉस फार कमी असतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी माझा स्पष्ट कौल फायबरच्या रिळाला आहे. चिपला लेन्स असलेलं फायबर आणि नॅनोमीटर पातळीचं स्टेज लागतं, आणि तिथेही शेवटी सगळं काम तोंडाशी प्रकाश आत घालण्यातच जातं. रिळाचा सांधा एकदा नीट झाला की तो वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि पुढच्या तुकडीच्या मुलांना आयता मिळतो. त्यासाठी डब्यावर सांध्याचा लॉस, तारीख, शून्य-डिस्पर्शन तरंगलांबी आणि मोजलेला ब्रिलुआँ उंबरठा पक्क्या शाईने लिहून ठेवा.